मस्टरवरचा महादेव

कोऱ्या कापडाला वास असतो. खळीचा, गिरणीतल्या तेलाचा, आणि तळाशी कुठंतरी सरकी फोडल्यासारखा. एकदा धुतलं की तो गेला. मग ते कापड राहत नाही, कपडा होतो. मी सगळी उमर त्या वासात काढली. बायको गेल्यावर महिन्याभरानं तिची ट्रंक उघडली तर तोच वास भस्सकन तोंडावर आला, आणि मी झाकण धरून तसाच उभा राहिलो.

"बापू, कागद शोधताव का वास घेताव?" मागून नंदा म्हणाली. नंदा माझी मुलगी, लातूरला दवाखान्यात नर्स आहे. रडणाऱ्या माणसापाशी फार वेळ थांबायची तिला सवय नाही.

"कागदच शोधतोय," मी म्हणालो.

शोधायचं होतं ते जुनं रेशनकार्ड, चूक कुठून चालत आली ते दाखवायला. ग्रामपंचायतीनं तिच्या मरणाचा दाखला दिला, त्यावर पतीचं नाव लिहिलंय महादेव. माझं नाव महादेव नाही. माझ्या बापाचं नव्हतं, आज्याचं नव्हतं. पण कागदावर माझी बायको महादेवाची बायको म्हणून मेली. म्हणजे सरकारदरबारी माझं कुणी गेलेलंच नाही.

नंदा म्हणते, "आता काय फरक पडतो बापू? आई तर गेली."

मला पडतो. ती होती तोवर नुसती चीड यायची. आता ती नाही, तिच्या नावाचा एक कागद आहे, आणि त्यात तिच्या शेजारी दुसराच बसलाय. तो उठवल्याशिवाय मला मरायचं नाही. बस, एवढंच माझं म्हणणं.

ट्रंकेत चार लुगडी निघाली, एक चोळीचा खण निघाला, न शिवलेला. तांबडा, बारीक चौकडीचा. मीच कधीतरी बाजारातून उरलेला आणून टाकला असेल. तिनं तो कधी शिवला नाही, आणि मी कधी विचारलं नाही. नाकाला लावला. गिरणी, तेल, सरकी. त्या वासासरशी सगळं उलटं फिरलं.

मी चौथी शिकलोय. पाचवीला शाळाच नव्हती गावात. आमचं गाव उदगीरच्या अलीकडं, माळावर. सायकलच्या मागं गाठोडं बांधून एक वार उदगीरचा बाजार करायचा, एक वार रेणापूरचा, मधे जी खेडी लागतील ती. महिन्याला एकदा नांदेडला जायचं, माल आणायला. तिथल्या गल्लीत शिरलं की ठोक दुकानांतून थानं उलगडल्याचा थप्प थप्प आवाज यायचा, जसं कुणी ओल्या भिंतीवर तळहात मारतंय. मी डोळे मिटून कापड ओळखायचो. हे मांजरपाट, हे धोतर, हे पातळ. बोटाला कळायचं. डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही.

आणि मी लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, उखाणे. लग्नाचं लुगडं घेऊन बाई निघाली की मी घडीत एक चिठ्ठी सरकवायचो, पतंगाच्या रंगीत कागदाची. तिच्यावर शाईच्या पेन्सिलीनं दोन ओळी, नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. यमकात घेतलं तर चालतं. देवाला यमक आवडत असावं.

तीन तालुक्यांतल्या नवऱ्या मुली माझ्या ओळी म्हणत उंबरा ओलांडून आत गेल्या. बाया मला उखाणेवाले म्हणायच्या. एकदा एकजण भर बाजारात कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो उखाणेवाले, मला दिलेला उखाणा माझ्या जावंला बी दिलाव की! दोघी एका उंबऱ्यावर उभ्या, दोघींच्या तोंडात तेच. नणंद हसून हसून लोळली."

"नवरा तर येगळा हाय ना दोघींचा?"

"हाव."

"मग झालं की. तेवढं येगळं असलं की बास."

आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून खिदळल्या, आणि तिनं जाताना पाच हात खण घेतलाच.

माझी एक रीत होती. पहिल्या ओळीत देव, दुसऱ्या ओळीत नवरा. देव पुढं असला की सासूला नाक मुरडता येत नाही. 'मारुतीच्या पारावर पिंपळाची सावली, अमुकराव माझे धनी, सासू माझी माऊली.' 'गणपतीच्या पुढ्यात दुर्वांची जुडी, अमुकरावांनी आणली मला लुगड्याची घडी.' अशी. आता तुम्हाला ती पोरकट वाटतील. पण उन्हात उभ्या असलेल्या, घाबरलेल्या पोरीला दोन ओळी पाठ असणं म्हणजे काय, ते तुम्ही तसं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

माझ्या लग्नात मी स्वतःच्या नवरीसाठी लिहिला. सगळ्यांत चांगला. बहिणीच्या हातानं तिच्याकडं पोचवला, बहिणीनं तिला वाचून दाखवला, कारण तिला अक्षर येत नव्हतं.

महादेवाच्या कळसावर पारव्यांचा थवा,
अमुकरावांच्या गाठोड्यात माझा पदर नवा.

अमुकच्या जागी मी.

वरात दारात आली. बायांनी उंबरा अडवला. "घे नाव! घेतल्याबिगर आत न्हाई." हळदीचा वास, घामाचा वास, माझ्या खांद्यावरच्या कोऱ्या शेल्याचा वास. ती माझ्या डाव्या अंगाला उभी, पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यापाशी माती उकरत होती. मी कान तिच्याकडं लावून. तिचे ओठ हलले असं मला वाटलं. आवाज आला नाही. बाया ओरडून ओरडून थकल्या. शेवटी माझी आई म्हणाली, "बास झालं आता, लेकरू उन्हात हाय," आणि तिला हाताला धरून आत घेतलं.

मला वाटलं, विसरली. पुढं दहा वर्षं मी हेच धरून चाललो.

मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. दुष्काळात माणूस आधी कापड सोडतं, मग दागिना, मग गाव. मी गाठोडं घेऊन फिरायचो आणि आहे तेवढंच घेऊन परत यायचो. बाजारात माणसं यायची, पण नुसती बसायला. कुणी कापडाला हात लावायचं नाही. त्या उन्हाळ्याचा वास अजून नाकात आहे. तापलेल्या दगडाचा. वाळलेल्या विहिरीच्या तळाचा, शेवाळ करपल्यासारखा. आणि सुकडीचा, जी कामावर पोरांना वाटायचे, गोडसर, पिठूळ. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीला तर वासच नव्हता. नुसता रंग.

रस्त्याचं काम निघालं. माळावर खडी फोडायची. नंदाची आई म्हणाली, "मी जाते."

मी म्हणालो, "कापडवाल्याची बायको खडी फोडणार?"

ती म्हणाली, "कापड शिजवून खायचं का मग?"

गेली. पहिल्या दिवशी मी तिथं नव्हतो, पण तिथल्या बायांनी मला ते इतक्या खेपा सांगितलंय, की आता मीच रांगेत होतो असं वाटतं. रांग ओढ्यापर्यंत गेलेली. बाभळीखाली टेबल, टेबलावर मस्टर म्हणजे हजेरीची वही, पाठीमागं एक कारकून, मानेला ओला रुमाल. त्याला दिवसभरात सगळी रांग उरकायची होती.

"नाव?" बाई सांगायची. "नवऱ्याचं नाव?" बाई गप्प. मागं वळून म्हणायची, "तू सांग गं माझं."

कारकून म्हणाला, "दुसरीनं सांगायचं नाही. जिचं तिनं सांगायचं. उद्या हजेरीत घोळ होतो."

पोटात आग, डोक्यावर ऊन, आणि अडलं कुठं तर नवऱ्याच्या नावावर. मग पुढच्या बाईला माझी चिठ्ठी आठवली. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं, "मारुतीच्या पारावर पिंपळाची..."

"मारुती," कारकून म्हणाला, आणि लिहिलं. "पुढची."

"आवो साहेब, ते न्हाई, थांबा..."

"पुढची!"

दुसरीनं गणपतीच्या दुर्वा काढल्या. तिच्या नवऱ्याचं नाव झालं गणपती. तिसरीचा विठ्ठल. मागच्या बायांना काय चाललंय ते कळत होतं, पण करणार काय? त्यांना येत होतं ते एवढंच, आणि ते मी शिकवलेलं. पहिल्या ओळीत देव, दुसऱ्या ओळीत नवरा. दुसऱ्या ओळीपर्यंत कारकून थांबायला तयार नव्हता.

मग नंदाच्या आईची पाळी आली. बाया सांगतात, ती टेबलापुढं ताठ उभी राहिली, पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाली, "महादेवाच्या कळसावर पारव्यांचा थवा..."

"महादेव. पुढची."

ती हलली नाही. "अजून हाय की, साहेब."

"काय हाय?"

"दुसरी वळ."

"दुसरी ओळ घरी जाऊन म्हणा बाई. मागं रांग बघा."

मागून धक्का बसला. ती सरकली.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. अख्खं गाव हसलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या अर्ध्या बाया देवांच्या बायका होत्या. न्हाव्याच्या पारावर रोज तेच. "काय मारुतराव, कुटुंब कामावर गेलं का?" "आमचा गणपती घरीच बसलाय, मोदक मागतोय." हसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून हे पुरवून पुरवून हसलो.

पण एक दिवस मी तिला पाणी द्यायला कामावर गेलो. सकाळची हजेरी चालली होती. मुकादमानं हाक मारली, "महादेवाची बायको!"

आणि ती म्हणाली, "हाय!"

धूळ उडत होती, हातोड्यांचा टक टक आवाज, आणि त्यात तो तिचा खणखणीत "हाय". तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली, जी हसण्यात राहून गेली होती. ती विसरली नव्हती. दहा वर्षं त्या दोन ओळी तिनं पोटात ठेवल्या होत्या. त्या दिवशी टेबलापुढं माझं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. एका ओळीवर येऊन परत गेलं.

घरी आल्यावर म्हणावं वाटलं, दुसरी ओळ म्हण. नाही म्हणालो. मला ते मागून घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "उद्या जाऊन त्या कारकुनाला नीट सांग."

"तुम्हीच सांगा की."

"तुझी वळ ऱ्हायलीय. तूच पुरी कर."

हे माझं बोलणं. याच्यापुढं काय झालं ते सगळं याच्या पोटातून निघालं. बाकीच्यांचे नवरे जाऊन नावं नीट करून आले. गणपती उतरला, विठ्ठल उतरला, मारुतीही उतरला. महादेव राहिला. मी गेलो नाही, आणि ती बोलली नाही.

खडीनं बायांची बोटं फुटायची. एक दिवस मी बाजारातून आलो तर ओट्यावर मांजरपाटाचं कोरं थान पसरलेलं, आणि ती बसून त्याच्या चिंध्या फाडतेय. टर्र. टर्र. कोरं कापड फाडल्याचा आवाज मी हजारदा ऐकलाय, तो मला शुभ वाटायचा. त्या दिवशी अंगावर काटा आला.

"अगं, कोरं थान!"

"बोटाला बांधायला कोरंच लागतं," ती म्हणाली, "जुनं कापड खडीत टिकत न्हाई. तुम्ही कापडवाले, तुम्हाला कळाया पाहिजे."

दुसऱ्या दिवशी माळावर सगळ्या बायांच्या बोटांना माझं मांजरपाट. पांढरं. दुपारपर्यंत तांबडं. त्या वर्षी माझं तेवढंच कापड खपलं.

दुष्काळ गेला. पाऊस आला, पिकं आली, लग्नं आली, माझ्या चिठ्ठ्या परत सुरू झाल्या. पण पहिल्या ओळीत देव लिहिताना पेन्सिल अडायची. तरी लिहायचो. दुसरं येतच नव्हतं.

मग लातूर जिल्हा झाला. आधी आम्ही उस्मानाबादचे होतो. त्याच्या आधी, माझ्या लहानपणी, बिदरचे. माणूस जागचं हलत नाही आणि जिल्हा बदलतो. लातुरात कमानी उभ्या राहिल्या, गुलाल उडाला, पेढे वाटले. कमानींना कापड लागलं, पताकांना लागलं. मी आठ दिवस लातूरला होतो. इतकं कापड मी एकाच वेळी कधी फाडलं नाही. ओळखीचे दुकानदार म्हणाले, "उखाणेवाले, आता जिल्ह्याचं नाव घ्या!" मी उखाणा घेतला. काय घेतला ते आठवत नाही. टाळ्या आठवतात. हातात झेंडूचा वास, कपाळाला गुलाल, फुगून घरी आलो.

घरी खुंटीला नवं रेशनकार्ड अडकवलेलं. मी नसताना शाळेत कारकून बसले होते, नव्या जिल्ह्याची नवी कार्डं लिहायला. हातात घेतलं. चांगलं कोरं, डिंकाचा वास येत होता. जिल्हा लातूर, हे वाचून बरं वाटलं. खाली तिचं नाव. पती, महादेव.

"हे काय?"

ती भाकरी थापत होती. थाप थांबली नाही. "त्यांनी रस्त्याच्या कामाचं माझं जुनं कार्ड बघून वाचलं. म्हणाले, पती महादेव, बरोबर का? मी म्हणलं, हाव."

"हाव? हाव म्हणालीस?"

"मग काय करू? सगळं गाव बसलं होतं. मामंजी, भावकी. त्यांच्यापुढं तुमचं नाव घेऊ?"

"उखाण्यात घ्यायचं!"

"उखाण्यानंच घोटाळा झाला की," ती म्हणाली. मग तव्याकडंच बघत, "कागदाला काय कळतंय. त्याला काय लिहायचं ते लिहू द्या. तुम्ही घरात हाव की."

आता मला ते बोलणं सोन्याचं वाटतं. तेव्हा मी काय म्हणालो ते लिहितो, कारण लपवून काय करू. मी म्हणालो, "तीन तालुक्यांतल्या बायांना नाव घ्यायला शिकवलं. घरातली तेवढी मुकी निघाली." आणि ताटावरून उठलो.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद. गिऱ्हाइकं मागायची, मी म्हणायचो, कागद संपला. एकदा तिनंच विचारलं, "लिहीत न्हाईत का आता?"

"महादेवाला सांग लिहायला."

ती उठली. पाणी आणायला गेली. बोलणारी बाई होती ती, कुणाला उसनं ठेवायची नाही. मला मात्र ती उत्तर द्यायची थांबली, ती तिथून. संसार झाला, नंदा शिकली, नंदाचं लग्न झालं. आम्ही भांडलो नाही. भांडण असतं तर बरं होतं. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर महादेव चालत राहिला, आणि आम्ही दोघं त्याला वाट देत राहिलो.

संक्रांतीच्या आधी गेली. फार पडून नाही. तिच्या माहेरचं लुगडं यायचं होतं, शेवटचं लुगडं माहेरचंच नेसवतात. उमरभर कापड विकलं, पण तिच्या अंगावरचं शेवटचं कापड माझं नव्हतं, ती रीतच आहे. तिच्या भावानं आणलं, हिरवं. मी सवयीनं काठ बोटात धरला आणि तोंडातून निघून गेलं, "हे धुतल्यावर आटंल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मला कळलं मी काय बोललो.

ट्रंकेतलं रेशनकार्ड घेऊन मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेविका बाई तरुण आहे, भोकरकडची, बोलायला सरळ. तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, याचं मला बरं वाटलं.

"आजोबा, लग्नाचा दाखला आहे?"

"आमच्या वक्ताला दाखला फकस्त मेल्यावर मिळायचा."

"फोटो? पत्रिका?"

"न्हाई."

"मग दोन जुने साक्षीदार आणा. त्या तुमच्याच पत्नी होत्या हे ज्यांना माहीत आहे. समोर सांगायला पाहिजे, नुसती सही नको."

माझ्या लग्नाला होती ती माणसं एकेक करून मातीत गेली. एक शेजारचा अंकुश मिळाला, तो म्हणाला, मी जन्मलो तेव्हापासून हे दोघं एकाच घरात भांडी वाजवतायत. दुसरं कोण? दोन दिवस डोकं खाजवलं, आणि मग शरीफाबी आठवली.

शरीफाबी बांगड्या भरायची. रेणापूरच्या बाजारात माझ्या कापडाच्या पालाला लागून तिची टोपली. सकाळी टोपलीवरचं फडकं काढलं की ऊन त्या काचांत शिरायचं आणि माझ्या पांढऱ्या थानांवर हिरवे-तांबडे ठिपके नाचायचे. बाया आधी माझ्याकडून कापड घ्यायच्या, मग तिच्याकडं हात द्यायच्या. माझी बायको बाजाराला आली की तिच्यापाशीच बसायची. आता शरीफाबीला दिसत नाही फार. नातवाच्या मोटारसायकलवर बसून आली, उतरताना मला म्हणाली, "जिते हो क्या भाऊ अजून?"

"हाव. तू?"

"मैं तो कागद पे भी जिती हूँ. तुमचं काय ते बगा."

आत गेलो. ग्रामसेविका बाईंनी विचारलं, "आजी, यांच्या पत्नीला ओळखत होता?"

"वळखत? चाळीस साल तिचा हात माझ्या हातात व्हता. तुमाला सांगते बाई, कडक हात. खडी फोडून बोटाच्या गाठी झाल्यावत्या. तिला बांगडी भरायची म्हणजे माझी कसरत."

"आणि त्या यांच्याच पत्नी, हे नक्की? कागदावर महादेव आहे."

"कोन महादेव?" शरीफाबी म्हणाली. "तिच्या तोंडातून तर मी याचंच नाव ऐकलं."

मी तिच्याकडं बघितलं. "कधी?"

"कधी काय? दर खेपंला. बांगडी हाडापाशी अडली की बाया वरडत्यात. कोन आईला हाक मारती, कोन देवाला. ही तुमचं नाव घ्यायची."

"उखाण्यात?"

"अरे कायका उखाणा!" ती चिडली. "इकडं हाड मोडायची पाळी, यमक कोन जुळवतंय? सीधा नाव. राव बी लावत नव्हती."

बाई लिहायची थांबली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी विचारलं, "मग मला कसं ऐकू आलं न्हाई? मी तर शेजारीच व्हतो."

"पाच हातावर," शरीफाबी म्हणाली. "पाठ करून. गिऱ्हाइकाला कापड फाडून देत. तुमाला कुठनं ऐकू यायचं? मी तिला म्हणायची, अगं हळू, त्यो ऐकंल. ती म्हणायची, त्यो? त्यो न्हाई ऐकत."

मी तिथल्या खुर्चीवर बसलो. बसा म्हणालं नव्हतं कुणी. कानात बाजार भरला. रेणापूरचा, भर दुपारचा. भज्यांचं तेल, मिरच्यांचा ठसका, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, हातगाड्यांची चाकं, आणि या सगळ्याच्या वर माझ्याच हातातल्या कापडाचं टर्र टर्र. मी कान ताणून ते कापड बाजूला सारायला बघत होतो. त्याच्या खाली कुठंतरी ती होती. एकदा नाही, दर खेपेला. चाळीस वर्षं. मला जे ऐकायचं होतं ते माझ्या पाठीला पाच हातावर चाललं होतं, आणि मी घरी जाऊन तिला मुकी म्हणत होतो.

"आजोबा," बाई म्हणाली, "अर्ज लिहून घेते. तुम्ही सांगा, मी भरते. मयताचं नाव?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सगळे सांगतात. नवराही बायकोचं घेत नाही, हे कुणी सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारतच नाही. त्याला उंबऱ्यावर अडवत नाहीत. आधी मी 'अगं' म्हणालो, मग 'ऐकलं का', मग 'नंदाची आई'. माझ्या आईनं तिला नावानं हाक मारली, गावातल्या बायांनी मारली, शरीफाबीनं मारली. मी नाही. एकदाही नाही. आणि आत्ता हे मला पहिल्यांदाच कळत होतं, त्या खुर्चीत बसून.

"आजोबा? नाव. कागदावर आहे माझ्यापुढं, पण नियम आहे, अर्जदारानं सांगायचं."

अंकुश म्हणाला, "मी सांगतो की, त्यांचं नाव..."

"तू गप," मी म्हणालो.

शरीफाबीनं माझ्याकडं तोंड केलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला, पण बघत होती. "बोलो भाऊ," ती म्हणाली. "जायाचं न्हाई कुठं तिला आता. घाई नको."

दोनदा तोंड उघडून मिटलं. मग एकदम निघालं, इतकं मोठ्यानं, जसं बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला कुणाला हाक मारावी.

"केवळा!"

दारातली माणसं वळून बघायला लागली. पलीकडच्या खोलीतला शिपाई डोकावला.

बाई दचकली होती. मग म्हणाली, "आजोबा, मी इथंच आहे. हळू सांगितलं तरी ऐकू येतं मला."

मी परत सांगितलं.